गायरानावर ४०० रोपं लावली, ३१ उरली. यंदा काय करू?

गुरुजी_पन्हाळा

नमस्कार मंडळी. पन्हाळा तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये मी विज्ञान शिकवतो. हरित सेनेचं काम माझ्याच गळ्यात आहे. शाळेमागचं पाचेक एकर गायरान गावानं आम्हाला झाडं लावायला दिलंय. उताराची मुरमाड जमीन, मधे मधे जांभ्याचा कातळ डोकावतो, गवत कमरेएवढं. वरच्या अंगाला सपाट पठार.

गेल्या वर्षी २६ जूनला, शाहू जयंतीला, दणक्यात कार्यक्रम केला. सरपंच, पालक, हलगी, नारळ, सगळं. एका रोपवाटिकेतून ४०० रोपं फुकट मिळाली होती. गुलमोहर, काशीद, पेल्टोफोरम, थोडी निलगिरी, वड-पिंपळ मिळून पंचवीस. पोरांनी एका दिवसात लावून टाकली. पेपरात फोटो आला.

पुढचं सांगायला लाज वाटते. ऑगस्टच्या झडीत खड्ड्यांत पाणी साचून बरीच कुजली, दिवाळीनंतर शेळ्यांनी शेंडे मारले आणि फेब्रुवारीत वणवा आला. कुणी लावला माहीत नाही. म्हणजे सगळ्यांना माहीत आहे, कुणी बोलत नाही. मे महिन्यात पोरांना घेऊन मोजणी केली. ३१. त्यातही निम्म्याहून जास्त काशीद.

मोजणी झाल्यावर सातवीतली एक पोरगी म्हणाली, "सर, आपण लावायच्या आधी इथं काय होतं?" मी म्हणालो, "गवत." तिचं समाधान झालं नाही. माझंही नाही.

यंदा देशी झाडंच लावायची असं ठरवलंय. कुठली लावू, रोपं कुठं मिळतील, आणि पोरांकडून नेमकं काय करून घेऊ? आणखी दोन भानगडी आहेत. शेळ्या-म्हशीवाले म्हणतात, पोरांच्या झाडांपायी आमची चराई गेली. पंचायत म्हणते, वरचं पठार मोकळंच पडलंय, तिथं ५०० खड्डे मारू, जेसीबी आम्ही देतो. पाऊस तोंडावर आलाय. लवकर सांगा.

---

रंकाळा_वॉकर

नाद खुळा काम गुरुजी! जास्त विचार करू नका. देशी म्हणजे वड, पिंपळ, कडुनिंब. डोळे झाकून लावा. कडुनिंबाला ना शेळी तोंड लावत, ना पाणी लागत.

---

पिशवीवाली_आक्का

रंकाळावाले दादा, डोळे झाकून लावली म्हणूनच ३१ राहिली की.

गुरुजी, मी राधानगरीकडची. बावीस वर्षं रोपवाटिकेत रोजावर पिशव्या भरल्या. आता घरामागं स्वतःची हजारभर रोपं आहेत. मी सांगतेय आणि भाचा टाइप करतोय, तवा शुद्धलेखन त्याचं, भांडण माझं.

आधी कडुनिंबाचं निस्तरते. आपल्या एका जिल्ह्यात गगनबावड्याला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि शिरोळला पाच-सहाशे. निंब शिरोळ-हातकणंगल्याच्या बांधावर झकास येतो. पन्हाळ्याच्या पश्चिम उताराला, जिथं चार महिने धुकं आणि झड, तिथं तो नुसता उभा राहतो, वाढत नाही. आणि शेळी तोंड लावत नाही म्हणे! आमच्या शेळ्यांना ही बातमी अजून कळलेली नाही. देशी म्हणजे भारतातलं एवढ्यावर भागत नाही, तुमच्या उतारावरचं पाहिजे.

आता त्या पोरीचं. तिनं बरोबर जागी बोट ठेवलंय. तुम्ही ४०० खड्डे मारले तवा तिथं काय होतं ते कुणी बघितलं?

माझी एक गोष्ट सांगते. पंधरा-सोळा वर्षं झाली असतील, आम्हा बायकांना एका डोंगरावर खड्डे मारायला नेलं होतं. खुणेच्या चुन्यावर बरोबर एक कुंभ्याचं झुडूप आलं. गुडघ्याएवढं, चार-पाच फुटवे, पानं शेळीनं कुरतडलेली. मुकादम म्हणाला, उपटा ते, रोप तिथंच बसलं पाहिजे, ओळ चुकायची नाही. मी आणि माझी जाऊ, दोघींनी टिकाव मारला. टिकाव परत वर आला. मग पहार घातली. अर्धा-पाऊण तास उकरत होतो आणि मूळ काही संपेना. वर गुडघ्याएवढी काटकी, खाली माझ्या मांडीएवढं मूळ, साल जळून जळून मगरीच्या पाठीसारखी झालेली. दर साली वणव्यात जळायचं, दर पावसाळ्यात फुटायचं, की लगेच शेळी यायची. मुकादमापेक्षा वयानं थोरलं असणार ते. आम्ही ते तोडून काढलं आणि त्या जागी वीतभर निलगिरीचं रोप लावलं. पुढच्या मे महिन्यात ती निलगिरी वाळून गेली. मजुरी मात्र मिळाली, खोटं कशाला बोलू.

तुमच्या गायरानातही अशी मुळं असणार. वणवा जाऊन चार महिने झाले, वळीव पडून गेलाय, आत्ताच फुटवे दिसतात. गवत उंच झालं की मग गणपतीपर्यंत काही दिसायचं नाही. म्हणून म्हणते, यंदा आधी मोजा. दोरीनं दहा-दहा मीटरचे चौकोन पाडा, एका चौकोनाला चार-पाच पोरं. जिथं लाकडी बुडखा फुटलेला दिसेल तिथं काठी रोवायची आणि तिला जुन्या साडीची चिंधी बांधायची. कुंभा सापडेल, ऐन सापडेल, नाणा, किंजळ, आवळा, गेळा, नशीब असेल तर हिरडा. करवंद तर असणारच. पोरांना नावं येणार नाहीत. तुम्हालाही येणार नाहीत, रागावू नका. गावातल्या शेळ्या राखणाऱ्या एखाद्या म्हातारीला त्या दिवशी मास्तरीण करा. तिला चहा आणि खुर्ची द्या, नुसतं "आजी सांगा" म्हणून उन्हात उभी करू नका.

चिंधी बांधलेल्या प्रत्येक बुडख्याचे दोन जोमदार फुटवे ठेवायचे, बाकीचे कोयत्यानं काढायचे. भोवतीचं हातभर गवत उपटायचं. आच्छादन करायचं तर जांभ्याच्या दगडांचं करा. आपल्याकडं कुणीही सांगेल की उसाचं पाचट घाला, फुकट मिळतं. पावसाळ्यात चांगलं आहे ते, पण फेब्रुवारीत तेच पाचट रोपाच्या गळ्यात काडेपेटी होतं. दगड जळत नाही, खाली ओल धरतो, आणि शेळीलाही तिथं पाय रोवून उभं राहता येत नाही.

आणि जाळरेषा. डिसेंबर संपायच्या आत, गायरानाच्या चारी अंगानं दहा-बारा फूट पट्टा गवत काढून साफ. हे एक काम चुकलं तर बाकी सगळं पाण्यात. पाण्यात कसलं, आगीत.

या झाडाचं मूळ खाली आधीच आहे. त्याला खड्डा नको, टँकर नको, खत नको. दोन-तीन वर्षं आग आणि दात यांच्यापासून वाचवलं की ते डोक्याएवढं होतं. पिशवीतलं रोप तेवढ्या काळात जेमतेम जमीन धरतं. माझाच धंदा पिशवीचा आहे, तरी सांगते.

आमच्या दाजीपूरचं जंगल कुणी खड्डे मारून लावलेलं नाही. कोल्हापूरच्या महाराजांनी ते शिकारीसाठी राखलं होतं, १९५८ साली अभयारण्य झालं. शाहू जयंतीला कार्यक्रम करायचाच असेल तर यंदा राखणीचा करा. हलगी तीच वाजवा.

आमच्या गावावरच्या टेकडीवर ऑस्ट्रेलियन बाभळीची हिरवीगार रांग आहे. तिच्या पिशव्या मी माझ्या हातानं भरल्या होत्या. लांबून लई छान दिसते. खाली जाऊन बघा, वाळक्या पानांचा थर, तो लवकर कुजतही नाही, आणि त्यात ना गवत ना कोंब. म्हशी तिकडं वळत नाहीत. मी तिथनं जाते तवा मान खाली घालून जाते.

---

गुरुजी_पन्हाळा

आक्का, तुमचं वाचून लगेच शाळेमागं गेलो. गेल्या वर्षी मीच दोन ठिकाणी "हे झुडूप काढा रे" म्हणालो होतो, आता आठवलं. एका जागी तांबूस कोवळी पानं आलीत. कुंभाच असावा.

पण पोरांना लावायचं तरी काहीतरी पाहिजे हो. नुसतं मोजा आणि राखा म्हटलं तर दोन दिवसांत कंटाळतील. आणि शेळीवाल्यांचं?

---

माळावरचा

शेळीवाल्यांचं मी सांगतो. आमचं घराणं मेंढरामागं फिरणारं, मी आता म्हशी राखतो.

गुरुजी, वणवा कोण लावतं ते विचारण्यापेक्षा का लावतं ते विचारा. तुमच्या माळावर कुसळी गवत आहे. त्याला कुसळ धरलं की जनावर तोंड लावत नाही, कुसळं हिरड्यांत आणि मेंढराच्या लोकरीत घुसतात. मग वाळलेलं गवत जाळलं की बुडातून हिरवा फुटवा येतो, तोच काय तो उन्हाळ्यात चारा. लोक खुळे नाहीत, त्यांना दुसरी वाट दिसत नाही.

वाट अशी आहे. ऑक्टोबरात, कुसळ पडायच्या आधी, गवत कापायला गावाला बोलवा. ज्यानं कापलं त्याचं. आमच्या गावात आधी गवताचा लिलाव व्हायचा आणि पैसे देवळाला जायचे. लिलावात गरिबाच्या हाताला काही लागत नव्हतं, म्हणून मोडला. आता घरटी वाटणी करतो. पेंढ्या बांधून घरात गेल्या की जाळायला माळावर उरतंय काय? तुमची जाळरेषाही त्यातच निम्मी होते.

दुसरं, पाच एकर एकदम बंद करू नका. दोन एकर बंद, तीन उघडी. तीन वर्षांनी झाडं शेळीच्या तोंडाच्या वर गेली की दुसरा तुकडा बंद. हे ठरवताना पंचायतीच्या कट्ट्यावर बोलू नका, शेळ्या असतील त्या माळावर जाऊन बोला. शेळ्या बायका राखतात आणि कट्ट्यावर पुरुष बसतात.

---

कंदीलफूल

गुरुजी, मी शिवाजी विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकते. एकच विनंती आहे. वरच्या पठारावर जेसीबी जाऊ देऊ नका. बाकी सगळं आक्कांनी सांगितलंय.

ते पठार मोकळं नाही. आत्ता काळा कातळ दिसतो, ऑगस्टच्या शेवटी पोरांना घेऊन जा आणि गुडघ्यावर बसा. उभं राहून काही दिसत नाही. कातळावर बोटभर माती आणि त्यात पाणी साचलेलं, तिथं सीतेची आसवं उगवतात. निळं-जांभळं नखाएवढं फूल, आणि चिखलात बुडालेल्या बारीक पिशव्या ज्यात पाण्यातले सूक्ष्म जीव ओढले जातात. दवबिंदू नावाची वनस्पती सापडली तर तिच्या पानावरचे चिकट थेंब आणि अडकलेलं चिलट भिंगातून दाखवा. पठाराच्या मातीत नत्र जवळजवळ नसतं, म्हणून या वनस्पतींनी किडे पकडायला सुरुवात केली. सातवीच्या पोषणाच्या धड्याला यापेक्षा चांगला तास मिळणार नाही. पुढं सप्टेंबरात तेरडा, गेंद, सोनकी.

झाडाचं रोप तिथं जगत नाही, कारण मुळाला जायला जागाच नाही. पण खड्डा मारला की कातळावरची माती फुटते आणि पाण्याची वाट बदलते, ती पुन्हा जागेवर येत नाही. तुमच्या तालुक्यातल्याच मसाई पठाराला संवर्धन राखीवाचा, म्हणजे सरकारनं राखलेल्या जागेचा, दर्जा आहे, तो काही तिथं झाडं दाट आहेत म्हणून नाही. पंचायतीला हे उदाहरण सांगा, लगेच पटेल.

कडेच्या गवतात कंदीलपुष्पाचा वेल सापडला तर उपटू नका, फोटो काढा. फुलाच्या नळीत खाली वळलेले केस असतात, माशी आत जाते आणि अडकते, केस सुकले की परागकण घेऊन बाहेर पडते. आमच्या विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात याच्या कितीतरी जाती जपल्या आहेत, पोरांची सहल काढा.

---

माळावरचा

कंदीलफूल म्हणजे खरपुडी ना? लहानपणी काठीनं उकरून कंद खायचो की आम्ही. गोडसर लागतो.

---

कंदीलफूल

काका!! आता नका खाऊ. 😄

---

पिशवीवाली_आक्का

पोरांना लावायला पाहिजे हे खरं आहे, हाताला माती लागल्याशिवाय पोर झाडाचं होत नाही. पण ४०० नको, साठ लावा. आणि रोपं आणू नका, बी गोळा करा.

जांभळापासून सुरुवात करा, हंगाम आलाच. पोरांना सांगा, जांभळं खा आणि बिया आणा. याहून सोपा गृहपाठ मी बघितला नाही. पण बी आठवड्याच्या आत मातीत गेली पाहिजे, डब्यात जपून ठेवली तर मेली. एका बियातून दोन-दोन, तीन-तीन कोंब येतात, ते बघून पोरं खूश होतात. यातली थोडी पिशवीत लावा आणि थोडी थेट गायरानात, करवंदीच्या जाळीच्या आत. काठीनं भोक पाडून बी टाकायची. करवंदीच्या काट्यात शेळीचं तोंड जात नाही, जांभूळ त्या सावलीत वाढून जाळीच्या डोक्यावर निघतं. जंगलात हेच चालतं. उदमांजर करवंदं-जांभळं खाऊन उघड्या दगडावर घाण करतं, ती बघा पोरांना घेऊन. किळस करू नका. बियांनी गच्च भरलेली असते.

बहाव्याची शेंग फोडली की बी गारगोटीसारखी. वीस बिया एका बाजूनं पॉलिश कागदावर पांढरं दिसेपर्यंत घासा, वीस तशाच ठेवा, चाळीसही रात्रभर पाण्यात घाला. सकाळी घासलेल्या फुगलेल्या असतात आणि बाकीच्या तुमच्याकडं बघत असतात. तुमचा विज्ञानाचा तास झाला. हिरड्याला हात घालू नका, बी लई छळते, पहिल्याच वर्षी पोरांची हिंमत जायची. शिवणीची फळं जोतिबाच्या चैत्र यात्रेनंतर पडायला लागतात, ती पुढच्या साली.

आपट्याचं एक काम सांगते. कोल्हापुरात दसऱ्याला सोनं म्हणून जे लुटतात त्यात निम्मं कांचनाचं असतं. कांचनाचं पान मोठं, आपट्याचं लहान आणि जाडसर, लांबीपेक्षा रुंद. पोरांना आधी फरक शिकवा, मग आपट्याच्या शेंगा गोळा करा. दोन वर्षांत शाळेत आपट्याची शंभर रोपं झाली तर दसऱ्याला गावात घरटी एक वाटा.

आणि रानमोडी, ते माजणारं तण. नागपंचमी ते गणपती, जमीन ओली असते तवा पोरांच्या हातानंही मुळासकट येते. थंडीत फुलली की बी वाऱ्यावर गेली म्हणून समजा. घाणेरी, म्हणजे टणटणीचं झुडूप, पोरांना देऊ नका, ती मोठ्यांचं काम. नुसती वरून छाटली की दुप्पट फुटते. जमिनीखाली चार बोटं मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं. सगळी एकदम काढू नका, तिच्यात पाखरं असतात, आणि मोकळी झालेली जागा भरायला तुमच्याकडं अजून काही नाही.

---

गुरुजी_पन्हाळा

उशिरा लिहितोय, माफ करा. शनिवारी मोजलं.

सहा चौकोन झाले, मग पाऊस आला. सहा चौकोनांत ११४ बुडखे. कुंभा सगळ्यात जास्त, मग ऐन, आवळा, करवंद वेगळीच. वर्गातल्या एका पोराची आजी आली होती, तिला खुर्ची दिली. ती खुर्चीवर बसलीच नाही, चौकोनात शिरून पोरांना पानं चुरगळून वास घ्यायला लावत होती. चिंध्या संपल्या, शेवटी माझा रुमाल फाडला. गेल्या वर्षीच्या एका मेलेल्या गुलमोहराच्या खड्ड्यातच ऐन फुटलाय, आम्ही तोडलेल्या मुळाच्या कडेनं.

सरपंचांना पठाराबद्दल सांगितलं. मसाईचं नाव काढल्यावर "मग आपल्याकडंही पर्यटक येतील का" म्हणाले. जेसीबी तूर्त थांबलाय. शेळीवाल्या बायकांशी दोन बैठका झाल्या. दीड एकरावर तडजोड झाली, दोन म्हणत होतो.

त्या पोरीनं वहीत चौकोनाचा नकाशा काढलाय आणि वर लिहिलंय, "आधी काय होतं". एका झुडपापुढं प्रश्नचिन्ह आहे, आजीलाही सांगता आलं नाही, तिला चष्मा नव्हता. फोटो टाकतोय. कमरेएवढं, आखूड फांद्यांवर पानांचे झुपके, आणि समोरासमोर दोन-दोन लांब काटे. आक्का, काय असावं?

---

पिशवीवाली_आक्का

गेळा. पोरीला सांगा चिंधी लांबून बांध, काटा मोडला तर लई ठणकतो.